लिहिण्याची उघड वेळ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या ग्रंथालयात जमतो, त्या बाईंनी या गावात पुस्तकं घरोघर नेली. दुपारची आवराआवर झाली की त्या पिशवी घेऊन निघायच्या, वाचून झालेली पुस्तकं परत घ्यायच्या, नवी द्यायच्या. बाईला वाचायला सवड हवी, ही गोष्ट त्यांनी कुणाशी वाद न घालता गावाच्या अंगवळणी पाडली. मला आज त्याच्या पुढची गोष्ट मांडायची आहे. वाचता वाचता माणसाला लिहावंसं वाटू लागतं, तेव्हा त्याला वेळ कोण देतं? घर देतं का, गाव देतं का, आणि देत नसतील तर तो मागायचा कसा?

सुरुवात तुरुंगापासून करते. मराठीतली काही थोर पुस्तकं तुरुंगात झाली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं लिहिलं. विनोबांची ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. गीतेचा विचार टिळकांच्या मनात कित्येक वर्षं घोळत होता. पण ‘केसरी’, सभा, खटले आणि दारात सतत उभी असलेली माणसं यांतून तो कागदावर यायला सरकारनं त्यांना ब्रह्मदेशात नेऊन ठेवावं लागलं.

या हकिकती आपण अभिमानानं सांगतो. सांगताना मात्र एक समजूत नकळत पक्की होत जाते, की मोठं काही लिहायचं तर माणूस घरातून आणि समाजातून उचललाच गेला पाहिजे. ही समजूत मला मान्य नाही. टिळकांच्याच हकिकतीतल्या आणखी काही तारखा सांगते. मंडालेत ग्रंथ लिहून झाला तो १९११ च्या मार्चमध्ये. १९१२ च्या जूनमध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. टिळक सुटून आले १९१४ साली. ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापून निघालं, ते पाहायला त्या नव्हत्या. टिळकांना बोल लावावा म्हणून मी हे सांगत नाही, ती शिक्षा त्यांनी मागून घेतली नव्हती. पण एकांताची थोरवी गाताना ज्या घरातून तो माणूस गेला त्या घराची वर्षंही मोजायला हवीत. लेखकाच्या एकांताच्या पलीकडे कुणीतरी चूल पेटती ठेवलेली असते, आणि त्या माणसाला बहुधा स्वतःचं काही लिहायला मिळालेलं नसतं.

आता तुरुंगातून जात्याकडे येते. मराठीत काव्य रचण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची वेळ कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, पहाटेची दळणाची. घर निजलेलं, पुरुष निजलेले, पोरं निजलेली. त्या दोन घटका बाईला कुणी हाक मारत नसे, कारण ती कामातच असे. हात जात्याच्या खुंट्यावर, समोर जाऊ किंवा नणंद, आणि तोंडी ओवी. भाऊ, माहेर, पंढरपूर, सासूचा जाच, मेलेलं मूल, पुढं पुढं बाबासाहेबसुद्धा, सगळं त्या ओव्यांत आलं. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात आणल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ खेड्यांपासून सुरुवात करून वर्षानुवर्षं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक! ज्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांच्याकडे स्वतःचा कोपरा नव्हता, अशा बायकांची ही रचना आहे. घरातलं काम आणि काव्य एकमेकांचे वैरीच असतात, असं यानंतर कुणी म्हणू नये.

मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. त्या आल्या हे फार चांगलं झालं. दळणानं बायकांचे खांदे आणि कंबरा मोडत होत्या, आणि ओवीच्या प्रेमापोटी जातं परत यावं असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. पण एक गोष्ट नीट पाहा. गिरणीनं पहाटेच्या दोन घटका मोकळ्या केल्या, त्या बाईच्या हाती राहिल्या का? नाही राहिल्या. त्यात पाणी भरणं आलं, डबे आले, शाळेची घाई आली, मजुरीला लवकर निघणं आलं. जातं थांबलं तशी ओवीही मागं पडली, आणि मोकळा झालेला वेळ दुसऱ्याच कामांनी उचलून नेला. म्हणून मिक्सर आला, गॅस आला, आता बायकांना वेळच वेळ आहे, असं कुणी म्हटलं की मला गिरणी आठवते. यंत्र हात मोकळे करतं. वेळ कुणाच्या नावावर जमा करायचा हे घरातली माणसं ठरवतात.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण इथं टाळता येत नाही, आणि मला ते टाळायचंही नाही. असोद्याला १८८० मध्ये जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात लग्न, तिशीत वैधव्य, मग शेत आणि मुलं. अक्षरओळख नाही. जे रचलं ते काम करता करता रचलं. इथवर सगळे सांगतात. मला त्यांच्या घरातल्या दोन माणसांविषयी बोलायचं आहे. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी ऐकता ऐकता उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. घरात दोघांनी कान देऊन कागद पुढं केला नसता, तर ही कविता बहिणाबाईंबरोबरच गेली असती. आपल्या गावांतून अशा किती गेल्या असतील, याचा विचार माझ्या मनाला फार लागतो. कुटुंब लेखनाच्या आड येतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की कुटुंबातलं एखादं माणूस लेखणी धरायला बसलं तर अशिक्षित आईची कविता वाचते.

माझ्या सासूबाई लहानपणापासून दळत आलेल्या. शेवटच्या आजारात त्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचं सगळं करणं माझ्याकडे आलं. त्या काळात माझं लिहिणं बंद पडेल असं मी गृहीत धरलं होतं. झालं उलटं. दुपारी औषध देऊन झालं की त्याच म्हणायच्या, “आता तुझी वेळ झाली, जा बस.” कुणी भेटायला आलं तर बाहेरच्या खोलीतल्या माझ्याकडे न पाठवता स्वतःच बोलत राहायच्या. मी एकदा विचारलं, “आई, तुम्हाला हे कसं सुचलं?” त्या म्हणाल्या, “जात्यावर बसलेल्या बाईला आमच्यात कुणी उठवत नसे.” माझं लिहिणं त्यांनी दळणाच्या पंगतीला बसवलं होतं. घरातल्या एका माणसानं मोठ्यानं म्हटलं की ही हिची वेळ आहे, तेव्हा बाकीच्यांनीही ते धरलं. भांडण करावं लागलं नाही.

म्हणून आज माझं म्हणणं एवढंच आहे. वेळ कमी आहे ही अडचण दुसरी. पहिली अडचण आहे ती वेळ उघडपणे मागता न येण्याची.

याचा सर्वांत बोचरा पुरावा फलटणला आहे. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. फलटणमध्ये त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. गल्ल्यावर बसायचं, बांधून द्यायला आणलेल्या रद्दीतलं वाचायचं, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचं. इंग्रजी अनुवादाच्या वेळी माया पंडित यांनी त्यांची मुलाखत घेतली, तीत त्यांनी सांगितलं आहे की हे लेखन त्यांनी घरच्यांपासून, नवऱ्यापासून, वीस वर्षं लपवून ठेवलं. पुढं ते ‘स्त्री’ मासिकातून आणि मग १९८६ साली पुस्तकरूपानं बाहेर आलं. वीस वर्षं! ज्या बाईनं आपल्या सगळ्या समाजाचं जिणं, वीरगावच्या महारवाड्याची भूक, सणवार, अंधश्रद्धा आणि बाबासाहेबांच्या चळवळीनं आलेलं नवं बळ कागदावर आणलं, तिला घरात सांगता येत नव्हतं की मी लिहिते. वेळ तिनं दुकानातूनच मिळवला होता. तिचा खरा खर्च झाला तो लपवण्यात. लिहिलेलं पुन्हा काढून वाचता येत नाही, कुणाला दाखवता येत नाही, हे बरं झालं किंवा हे फसलं असं सांगणारं कुणी भेटत नाही. लेखकाला लागणारी अर्धी मदत या लपवण्यात बुडते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. आपल्या स्त्रियांची थोर आत्मकथनं कोणत्या वयात आली ते पाहा. रमाबाई रानड्यांचं आठवणींचं पुस्तक १९१० मध्ये आलं, त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेल्यानंतर. लक्ष्मीबाई टिळकांचे पती रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुढं भागांनी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. टिळक वाटेल त्याला घरी घेऊन येत आणि सगळ्यांचं करायला लक्ष्मीबाई, हे त्यांनी स्वतःच किती प्रसन्नपणे लिहिलं आहे. वय वाढल्यावर समज येते म्हणून ही पुस्तकं उशिरा झाली, असं समीक्षक सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. पुस्तकं उशिरा झाली कारण वेळ उशिरा मिळाला. लक्ष्मीबाईंनी तिशीत, घर भरलेलं असताना, गद्य लिहिलं असतं तर ते कसं असतं? ते पुस्तक आपल्याकडे नाही, आणि या नसलेल्या पुस्तकाचं मला दुःख आहे.

उर्मिला पवारांचा मार्ग वेगळा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. सार्वजनिक बांधकाम खात्यातली नोकरी, घर, मुलं आणि चळवळ. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. समाजाचं काम आणि लेखन या दोन्हींसाठी त्यांना वेगवेगळा वेळ काढावा लागला नाही, एकाच प्रवासात दोन्ही झाली. २००३ साली त्यांचं आत्मकथन ‘आयदान’ आलं, तेव्हा घरातल्या कुरबुरीही त्यांनी नावानिशी सांगितल्या. लपवणं तिथं संपलं.

घरातला वेळ कसा वाटला जातो, याचे थोडे आकडे सांगते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि हे काम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाची नऊ. अंतर दोनशे मिनिटांच्या आसपासच राहिलं. समोर बसलेल्या पुरुष मंडळींना मी हात जोडून सांगते, ही दोनशे मिनिटं वाटून घेतल्याशिवाय घर आणि लेखन यांच्या समतोलाची कुठलीही चर्चा पुरी होत नाही. आणि ही बाब फक्त बाईची नाही. नोकरी, शेती, वृद्ध आईवडील सांभाळून लिहिणारे पुरुषही माझ्या ओळखीचे आहेत. लिहायला बसलं की त्यांनाही “काही काम नाही वाटतं?” असं विचारलं जातं. घरात वेळ मागण्याची चाल पडली तर त्यांनाही तिचा उपयोग आहे.

आता समाजाकडे वळते, आणि आपल्या साहित्यव्यवहाराविषयी एक तक्रार करते.

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीला एक असं व्यासपीठ मिळालं, ज्याचा मला अतोनात अभिमान आहे. शंभराहून अधिक वर्षं एक समाज दर दिवाळीला कथा, कविता, लेख विकत घेऊन वाचतो आहे. पण संपादकांची पत्रं येतात कधी आणि मजकूर मागतात कधी? आषाढात विचारणा होते आणि श्रावण-भाद्रपदात मजकूर द्यायचा असतो. याच महिन्यांत घरात काय असतं? श्रावणातले उपास आणि व्रतं, मंगळागौर, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, मग गौरी-गणपती, त्यानंतर पितृपक्षातली पानं, लगेच घटस्थापना. स्वयंपाकघराचं वर्ष आणि साहित्याचं वर्ष नेमकं इथं एकमेकांवर येऊन पडतं. गौरी जेवायच्या दिवशी पुरण शिजत असताना कथेचा शेवट डोक्यात धरून ठेवणारी बाई या सभागृहात नक्की बसलेली आहे. पुरणावर मला राग नाही. गौरी माझ्याही घरी येतात आणि त्या आल्याचा आनंद मला कुठल्याही अंकाएवढाच आहे. माझी विनंती संपादकांना आहे. संक्रांतीला विचारा, ज्येष्ठात मजकूर घ्या. हातात सुट्टीचे दिवस पडतील, उन्हाळ्याच्या लांब दुपारी पडतील. अंक छापायचे ते महिने तसेच राहू द्या. एवढ्या एका बदलानं किती नवी नावं अनुक्रमणिकेत येतील, हे करून पाहण्यासारखं आहे.

समाज लेखकाकडून पुष्कळ मागतो, तेही खरं आहे. प्रस्तावना, प्रकाशनाला पाहुणे, शाळेचं स्नेहसंमेलन, स्पर्धेचं परीक्षण, ओळखीच्यांच्या साठीशांतीला चार शब्द. यातलं काही नाकारावं लागतं आणि ते नाकारताना अपराधी वाटून घेऊ नये. पण सगळंच नाकारणाऱ्या लेखकाचा मार्ग मला पटत नाही. हरि नारायण आपटे आठवा. आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे, पुण्याच्या नगरपालिकेतलं काम, आणि १८९० पासून ‘करमणूक’ हे साप्ताहिक. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी याच साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली. विधवेच्या दुःखाचा एवढा बारकावा बंद खोलीतल्या माणसाला सापडला नसता. तो माणसांत वावरून सापडला. आणि हप्त्याची वाट पाहणारे वाचक होते म्हणून ती कादंबरी लिहून झाली. वाचकांची वाट पाहणं हीसुद्धा समाजानं लेखकाला दिलेली वेळच होती. लग्न, बारसं, मयत, मोर्चा, ग्रामसभा यांना गेल्यामुळं लेखन आटत नाही. ते आटतं तिथून परत आल्यावर जो तास आपला म्हणून राखलेला असतो, तो घरातल्या कुणालाही ठाऊक नसला की. ठाऊक नसलेला तास पहिल्या पाहुण्याबरोबर जातो.

म्हणून लिहिणाऱ्यांना मी सांगते, घरात सांगा. नम्रपणे पण मोठ्यानं सांगा. मंगळवार-शुक्रवार रात्री नऊ ते साडेदहा मी लिहिते, त्या वेळी दूध उतू गेलं तर दुसऱ्या कुणी पाहावं. मुलांना सांगा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर पाळतात. आणि त्याच्या बदल्यात घराला तुमचा दुसरा एखादा वेळ पुरा द्या, मन तिथंच ठेवून. मुलाचा अभ्यास घेताना मनातल्या मनात वाक्य जुळवत बसू नका. मुलाला ते कळतं, आणि मग तो तुमच्या त्या तासाचा वैरी होतो. लिहून झालेलं पान घरात वाचून दाखवा. ज्या घरानं पान ऐकलं आहे ते घर पुढचं पान अडवत नाही, असा माझा अनुभव आहे. घरात आजारपण असेल, तान्हं मूल असेल, तेव्हा तास अर्धा होईल, कधी कुठं दिसणारही नाही. तो आज गेला आहे हे तरी घरात बोललं जावं, म्हणजे उद्या परत मागता येतो.

आता शेवटचं, आणि ते या ग्रंथालयाकडे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, शासनमान्य ग्रंथालयं हजारोंनी आहेत. बहुतेक ठिकाणी अभ्यासिका आहे आणि ती स्पर्धापरीक्षेच्या मुलामुलींनी भरलेली असते. ती भरलेली असावीच. पण गावात अशी एकही जागा नाही, जिथं एखादी बाई किंवा पुरुष “मी लिहायला जातो” एवढं सांगून घरातून निघू शकेल. देवळात जाते म्हटलं तर कुणी विचारत नाही. भिशीला जाते म्हटलं तरी चालतं. लिहायला जाते म्हणायला ठिकाण नाही.

माझी ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला विनंती आहे की अभ्यासिकेतलं एक टेबल दुपारी दोन ते पाच लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवावं. त्यावर तशी पाटी लावावी, आणि सूचनाफलकावर वेळ लिहावी, म्हणजे ती घरोघरी कळेल. लहान मूल बरोबर घेऊन येणाऱ्या बाईसाठी बालविभाग त्याच वेळी उघडा ठेवावा. वही ठेवायला कुलपाचा एक कप्पा द्यावा. ज्यांना अक्षर येत नाही पण सांगण्यासारखं आहे अशा कुणी आजी आल्या, तर कॉलेजातला एखादा मुलगा किंवा मुलगी उतरवून घ्यायला बसावी. खर्च फारसा नाही, पुढच्या बैठकीत ठराव होऊ शकेल. आणि एक गोष्ट आग्रहानं मागते, पहिले काही महिने तिथं कुणी बसलं नाही, तरी ते टेबल उचलू नका.